सात पॉइंट आठचा ओरेस्ट

ओरेस्ट हनाट्युक उपासमारीने मरायला टेकला आहे, असं जिल्ह्याच्या पत्रातून कळलं तेव्हा ओरेस्ट जेवत होता. त्या दुपारचं ते त्याचं दुसरं जेवण होतं. पहिलं पोस्टात जायच्या आधी झालं होतं. पोस्ट तसं रस्त्याच्या पलीकडेच आहे, पण बाहेर उणे एकतीस होतं, आणि एवढा प्रवास करून आल्यावर माणसाला काहीतरी लागतंच.

ताटात पेरोगी होत्या, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, त्यांच्यावर लोण्यात परतलेला कांदा आणि कांद्यावर आंबट साय. नवऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले होते म्हणून पत्र स्टेफाने फोडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं.

"'प्रिय श्री. हनाट्युक, आपण भरलेल्या माहितीनुसार आपला बीएमआय सात पॉइंट आठ आला आहे. ही अवस्था जिवाला धोकादायक आहे. आपल्याला घरी पुरेसं अन्न मिळतं का?'"

स्टेफा थांबली. ओरेस्टचा काटाही तोंडापाशी थांबला.

"मिळतं का?" तिने विचारलं.

"मिळतं की," ओरेस्ट घाईघाईने म्हणाला.

"मग ह्यांना कोण सांगून आलं?"

"मी कशाला सांगू, बाई? माझं तोंड रिकामं कधी असतं?"

पत्राची पानं तीन होती. पहिल्या पानावर तो प्रश्न, दुसऱ्यावर ओटची लापशी कशी शिजवावी याची कृती, आणि तिसऱ्यावर एकच ओळ: बीएमआय साडेअठरापर्यंत येत नाही तोवर सदर सदस्याने अग्निशमन दलाच्या ट्रकवर चढू नये. स्टेफा पहिल्या पानावर घायाळ झाली आणि तिथून पुढे गेलीच नाही. ओरेस्ट तिसऱ्या पानावर पोचला आणि त्याने काटा खाली ठेवला. भरल्या ताटासमोर काटा खाली ठेवलेला ओरेस्ट लग्नाच्या चौतीस वर्षांत स्टेफाने प्रथमच पाहिला.

वेस्ना गावात माणसं दोनशे बारा आणि अग्निशमन दलात पाच. पाचही बिनपगारी. त्यातले बिलिन्स्की बंधू महिन्यातले तीन आठवडे उत्तरेला तेलाच्या विहिरींवर असतात, म्हणजे आग लागायची तर त्यांची सुट्टी बघून लागावी लागते. उरले तिघं. गावात धान्याची उंच कोठी होती तोवर ओरेस्ट तिथे कामाला होता. अकरा वर्षांपूर्वी कोठी पाडली. तेव्हापासून या पृथ्वीतलावर ओरेस्टची म्हणून एकच जागा उरली होती: एकोणऐंशी सालच्या त्या लाल ट्रकची डावीकडची सीट. एप्रिलमध्ये बर्फ वितळून गेल्या वर्षीचं वाळकं गवत उघडं पडलं की आगी सुरू होतात. त्या वेळी आपण खिडकीत बसून ट्रक जाताना पाहतोय, हे दृश्य ओरेस्टच्या डोळ्यांसमोर आलं आणि सायसुद्धा कडू लागली.

तो तसाच उठून ट्रकच्या शेडवर गेला. तिथे दलाची प्रमुख वर्ना फ्रीसन बसली होती. वर्ना एरवी शाळेची बस चालवते आणि नुसतं आरशात पाहून अठ्ठेचाळीस पोरं गप्प करते.

"जिल्ह्याच्या फॉर्ममध्ये उंची काय लिहिलीस?" पत्र वाचून तिने आरशात पाहिल्यासारखं ओरेस्टकडे पाहिलं.

"आहे ती. पाच फूट आठ."

"कशी लिहिलीस?"

"पाच, टिंब, आठ. त्या फुटाच्या वरच्या रेघा चौकोनात उमटेनात."

"आणि वजन?"

"दोनशे बासष्ट."

"पौंड."

"मग काय एकर?"

वर्नाने डोळे मिटून घेतले. "त्यांनी मीटर आणि किलो मागितले होते, ओरेस्ट."

देश मीटरवर गेला त्याला पन्नास वर्षं झाली, पण तो बाहेरच्या बाहेर गेला. रस्ते किलोमीटरमध्ये गेले, थंडी सेल्सिअसमध्ये गेली, दूध लिटरमध्ये गेलं. माणसं फुटांत आणि पौंडांतच राहिली. वेस्नात कुणाला "तू किती किलोचा?" असं विचारलंत, तर आपण डुकरांच्या बाजारात तर उभे नाही ना, हे तो आधी वळून पाहील. त्यामुळे संगणकापुढे जो ओरेस्ट उभा राहिला तो पाच पॉइंट आठ मीटर उंच होता, म्हणजे चांगला जिराफाएवढा. हे संगणकाला अजिबात खटकलं नाही. एवढ्या उंच माणसाचं वजन अवघं दोनशे बासष्ट किलो, हे मात्र त्याच्या काळजाला भिडलं.

"मग नीट करून टाक ना," ओरेस्ट म्हणाला. "मीटर नि किलो घाल."

वर्नाने हिशेब केला. "एकोणचाळीस पॉइंट आठ."

"झकास! किती वाढलं बघ."

"पस्तीसच्या वर ट्रकवर चढता येत नाही."

"आणि आत्ता?"

"साडेअठराच्या खाली चढता येत नाही."

ओरेस्टने विचार केला. "मीटर नि पौंड करून बघ."

"सत्त्याऐंशी पॉइंट आठ."

"फूट नि किलो?"

"साडेतीन. ह्याच्यात तू मेलेला आहेस."

चार तऱ्हांनी मोजलं आणि चारही तऱ्हांनी माणूस ट्रकच्या खालीच. ओरेस्टने ट्रकच्या दारावरची धूळ बाहीने पुसली. मग त्याने हळूच विचारलं, "आणि आहे तोच फॉर्म ठेवून साडेअठरावर जायचं म्हटलं तर?"

"सहाशे बावीस पौंड व्हावं लागेल."

"कधीपर्यंत?"

"माझा बावीस आला," कोपऱ्यातून आवाज आला.

कोपऱ्यात एल्मर टोकारिक कॉफी ढवळत होता. एल्मरचं वय एक्याऐंशी. दोन्ही गुडघे स्टीलचे, आणि दलातलं काम म्हणजे कॉफी करणं आणि ती सांडणं. त्याचं नाव यादीतून काढायचं गेली बारा वर्षं सगळ्यांच्या मनात होतं, पण मग कॉफी कोण करणार, या प्रश्नावर चर्चा थांबायची.

"बावीस बरोब्बर," एल्मर म्हणाला. "नातीनं भरून दिला फॉर्म. मला पण पत्र आलंय. वाचू?"

"नका वाचू, एल्मर," वर्ना म्हणाली.

"'आपण वेस्ना दलातले सर्वांत तंदुरुस्त सदस्य असून जळत्या इमारतीत प्रथम आपण शिरावं.' मी म्हटलं, शिरू. फक्त पायऱ्या नसल्या म्हणजे झालं."

वर्नाने फोन उचलला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. पलीकडून एक गोड बाई बोलल्या: वजन कमी असल्यास एक दाबा, वजन जास्त असल्यास दोन दाबा.

"दोन्ही एकदम दाबता येतात का?" ओरेस्टने विचारलं.

वर्नाने शून्य दाबलं. बऱ्याच वेळाने जिल्ह्याच्या कचेरीतला कर्टिस लिंडक्विस्ट नावाचा तरुण फोनवर आला.

"आमच्या ओरेस्टचा आकडा चुकलाय, त्यानं फूट नि पौंड लिहिले," वर्ना म्हणाली. "तो उपाशी वगैरे काही नाहीये. तो माझ्यासमोर उभा आहे आणि मला पलीकडची भिंत दिसत नाहीये."

"बरं. मग दुरुस्ती करून एकोणचाळीस पॉइंट आठ टाकू?"

"नको!"

"मग सात पॉइंट आठ राहू दे?"

"तेही नको. तुम्ही असं करा. नोव्हेंबरात एक गाय तळ्यावरच्या बर्फातून आत गेली होती. ह्यानं एकट्यानं दोर लावून बाहेर काढली. ते टाका."

"त्याला रकाना नाही हो."

"अहो, मग माणूस धडधाकट आहे की नाही ते तुम्हाला कळणार कसं?"

"आकड्यावरून."

"आकडा चुकीचा आहे!"

"चुकीचा असला तरी आकडा आहे ना, मॅडम," कर्टिस समजुतीच्या सुरात म्हणाला. "गाय हा आकडाच नाही."

इकडे घरी वेगळंच पेटलं होतं. त्या पत्राच्या पाकिटावर बाहेरून लाल अक्षरांत 'तातडीचे: कुपोषण' असा शिक्का होता, आणि पोस्टातल्या मर्लला वाचता येत होतं. वेस्नात झाकलेलं भांडं घेऊन माणसं दोनच प्रसंगी दारात येतात, कुणी जन्मलं की, किंवा कुणी गेलं की. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत स्टेफाच्या दारात सात भांडी आली. पहिलं मर्लचं होतं.

"अगं, आम्हाला आधी नाही का सांगायचंस?" मर्ल डोळे पुसत म्हणाली. "एवढी वर्षं..."

"काय एवढी वर्षं?"

"काही नाही गं. आम्हाला आपलं वाटायचं, तो खातोय."

स्टेफाने सातही भांडी झाकणासकट परत पाठवली. ही तीच स्टेफा, जिच्या हातच्या कोबीच्या वळकट्यांसाठी बिशप एकदा वाट वाकडी करून आले होते. तिने स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून अॅप्रन सोडला आणि खुंटीला टांगला.

"चौतीस वर्षं खाऊ घातलं," ती म्हणाली. "आणि सरकारदरबारी काय? उपाशी! मग मी मरमर कुणासाठी करू? आता राहाच उपाशी. निदान कागद तरी खरा होईल."

"अगं स्टेफा, ती टिंबाची चूक—"

"टिंबाची असो नाहीतर डोंगराची असो. जिल्ह्यानं मला लेखी द्यावं, मग बघू."

जिल्हा लेखी काय देणार? ओरेस्टने त्या रात्री पत्राचं दुसरं पान समोर ठेवून ओटची लापशी केली. कृतीत लिहिलं होतं, एका माणसाला पुरेल. ते खोटं होतं. गावातल्या हॉटेलात जायची सोय नव्हती. तिथे त्याने काटा उचलला की चार मिनिटांत स्टेफाला कळलं असतं, आणि उरलेल्या गावाने टाळ्या वाजवल्या असत्या. तेव्हा सकाळी लापशी, दुपारी टोस्ट आणि संध्याकाळी डब्यातलं सूप, असं सुरू झालं. घरात बसलं की स्टेफाची पाठ दिसायची, म्हणून तो दिवसभर शेडवर जाऊन बसू लागला. तिथे बसून भूक लागायची म्हणून बर्फ उपसू लागला, आणि बर्फ संपला की शिडी चढू-उतरू लागला.

दहा दिवसांनी सराव होता. नियमाप्रमाणे ओरेस्ट कुंपणाबाहेर उभा राहिला, आणि नियमाप्रमाणेच पाण्याच्या होसचं तोंड पहिल्या क्रमांकाचा जवान म्हणून एल्मरच्या हाती दिलं गेलं. एल्मर टाय लावून आला होता.

"घट्ट धरा हं, एल्मर," वर्ना म्हणाली. "हळू सोडते."

"सोड गं. बावीस आहे माझा."

वर्नाने पाणी सोडलं. पहिले दोन सेकंद एल्मरने होसला धरलं होतं. त्यानंतर होसने एल्मरला धरलं. दोघं मिळून डावीकडे गेले, मग उजवीकडे गेले, मग चर्चच्या दिशेने थोडे वर गेले, आणि शेवटी एल्मर बर्फाच्या ढिगात कमरेपर्यंत उभा सापडला. टाय जागच्या जागी होता. कुंपणावरून उडी मारून ओरेस्टने एका हाताने होस दाबली आणि दुसऱ्याने एल्मर उपटला.

"पेटलेलं काही होतं का त्या बाजूला?" एल्मरने विचारलं.

"नाही."

"मग मी विझवलं तरी काय?"

सराव तिथेच संपला. कॉफी निवून गेली तरी वर्ना टॅबलेटवर बोट आपटत बसली होती. एप्रिलच्या तपासणीसाठी दलातल्या सामानाची यादी त्याच दिवशी पाठवायची होती. शिड्या दोन, पंप एक, कुऱ्हाडी चार, आग विझवायचे सिलिंडर सहा.

"ओरेस्ट," ती एकाएकी म्हणाली, "माणसांच्या यादीतून संगणकानं तुझं नाव उडवलंय. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे तू माणूस नाहीस. पण तू आहेस तर खरा. म्हणजे तू काय आहेस?"

ओरेस्टला उपाशीपोटी असले प्रश्न झेपत नव्हते. "काय आहे?"

"सामान."

एल्मरने मान डोलावली. "सामानाला बीएमआय नसतो," तो म्हणाला. "ट्रकचा कुणी काढलाय का?"

शिडीच्या रकान्यात ओरेस्ट बसेना, कारण तिथे लांबी मीटरमध्ये मागत होते आणि त्या वाटेला आता कुणालाच जायचं नव्हतं. कुऱ्हाडीला पातं विचारत होते. सिलिंडरच्या रकान्यात मात्र 'भरलेलं वजन' एवढंच होतं, आणि सिलिंडर सीमेपलीकडून, जिथे अजून पौंडच चालतात तिथून, येत असल्यामुळे तेही पौंडांत. हा शकुनच होता.

"वजन दोनशे बासष्टच ना अजून?"

"तेवढंच असणार. कुठं जातंय?"

"बनवल्याचं वर्ष?"

"सहासष्ट."

"रंग?" वर्नाने मान वर करून पाहिलं. "लाल. आत काय भरलंय?"

ओरेस्टने गेले दहा दिवस आठवले. "काही नाही," तो व्याकूळ होऊन म्हणाला.

वर्नाने 'कोरडा' निवडलं.

पाचव्या मिनिटाला उत्तर आलं: सिलिंडर क्रमांक सात स्वीकारला, तपासणी होईपर्यंत ट्रकवर ठेवण्यास हरकत नाही. आता सामान ट्रकच्या मागे ठेवायचं की डाव्या सीटवर, यावर नियमात एक अक्षर नव्हतं. ओरेस्ट सीटवर जाऊन बसला, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि अर्धा तास खाली उतरला नाही.

मार्च गेला. एप्रिल आला. रस्ते वितळून चिखल झाले. स्टेफाचा संप सुरूच होता आणि ओरेस्टची पँट आता केवळ पट्ट्यांच्या आधारावर, तत्त्व म्हणून त्याच्या अंगावर होती. पण एक गंमत झाली होती, आणि ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. शेडची शिडी तो एका दमात चढत होता. बुटाचे बंद बांधायला खाली वाकला तर वर यायची आठवण ठेवावी लागत नव्हती.

तपासणीच्या सकाळी कर्टिस लिंडक्विस्ट एक वजनकाटा आणि टॅगांचा जुडगा घेऊन आला. उंच, पोट पाठीला लागलेलं, आणि दिवसाकाठी चौदा शेडी उरकायच्या असल्यामुळे कशाचंच आश्चर्य न वाटणारा. त्याने शिड्या पाहिल्या, कुऱ्हाडी पाहिल्या, सहा सिलिंडर एकेक करून काट्यावर ठेवले आणि प्रत्येकाला हिरवा टॅग बांधला.

"क्रमांक सात?"

ओरेस्ट एक पाऊल पुढे आला.

कर्टिसने टॅबलेटकडे पाहिलं, ओरेस्टकडे पाहिलं, पुन्हा टॅबलेटकडे पाहिलं. त्याच सकाळी एका गावात त्याने शिडी म्हणून नोंदलेलं सफरचंदाचं झाड पास केलं होतं.

"ह्याची कडी कुठाय? ओढायची?"

"लागत नाही," वर्ना म्हणाली. "हाक मारली की चालू होतो."

"ठेवा काट्यावर."

"मीच चढतो," ओरेस्ट म्हणाला.

"बोलतो?"

"अलीकडे कमी झालंय."

काट्याचा आकडा थरथरून स्थिर झाला. दोनशे तेहेतीस.

कर्टिसने जीभ चुकचुकावली. "भरलेलं वजन दोनशे बासष्ट. सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांच्या वर घट झाली की बाद. गळती आहे."

"गळती नाही हो, साहेब!" ओरेस्टच्या तोंडचं पाणी पळालं. "मी बारीक झालोय! पूर्वीपेक्षा बरा आहे. हे बघा." आणि शिडीजवळ कॉफी घेऊन उभ्या असलेल्या एल्मरला काखेत मारून तो एका दमात टोकापर्यंत चढला आणि तसाच खाली आला. धाप नाही, काही नाही. एल्मरची कॉफीसुद्धा सांडली नाही, जी जमिनीवर रोज सांडते.

कर्टिसने सगळं लक्षपूर्वक पाहिलं. "छान," तो मनापासून म्हणाला. "पण गळती आहे." आणि त्याने ओरेस्टच्या पँटच्या पट्ट्याला लाल टॅग बांधला.

वर्ना मघापासून कागदावर काहीतरी आकडेमोड करत होती. "थांबा, थांबा. दोनशे तेहेतीस पौंड. किलोत जवळजवळ एकशे सहा. ओरेस्ट, माणूस म्हणून तुझा बीएमआय आता पस्तीस पॉइंट चार आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे तीन पौंड कमी झालास की माणूस म्हणून पास. आणि तीन पौंड वाढलास की सिलिंडर म्हणून पास."

"आणि आत्ता?"

"आत्ता तू दोन्हीच्या मधे आहेस. कशातच नाहीस."

कर्टिसने घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. "मला काही फरक पडत नाही," तो म्हणाला. "चार वाजता मी ह्याच रस्त्यानं परत जाणार. तेव्हा जो आकडा असेल तो टाकीन. ज्या यादीत बसेल त्या यादीत." आणि तो चिखल उडवत निघून गेला.

तिघं ट्रकपाशी उभे राहिले. गंभीर प्रसंग होता. असा प्रश्न आयुष्यात थोड्यांनाच पडतो आणि पडला तरी त्याला चार वाजताची मुदत नसते.

"काय व्हायचंय तुला?" एल्मरने विचारलं. "माणूस, की सिलिंडर?"

ओरेस्टने पँट वर ओढली. "माणूस व्हायचं तर उपाशी राहावं लागतं, एल्मर," तो म्हणाला. "सिलिंडरला निदान भरतात तरी."

आणि तो घराकडे निघाला.

स्टेफा टेबलाशी पाठ करून बसली होती. ओरेस्ट नुसता तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिची नजर आधी त्याच्या रिकाम्या पँटवर गेली आणि मग लोंबणाऱ्या टॅगवर.

"'घट आढळली,'" तिने वाचलं. "'तात्काळ भरावे.'"

ती बराच वेळ वाचत राहिली. वाक्यं दोनच होती.

"शिक्का कुणाचा?"

"जिल्ह्याचा."

"आणि ही सही?"

"लिंडक्विस्ट. खुद्द."

"तात्काळ," स्टेफा पुटपुटली. तिने डोळ्यांना पदर लावला असता, पण पदर नसल्यामुळे खुंटीवरचा अॅप्रन लावला, आणि हातात आलाच आहे म्हणून बांधूनही टाकला. "लेखी दिलं म्हणायचं मेल्यांनी. कधीपर्यंत?"

"चारपर्यंत."

"किती?"

"तीन पौंड."

"तीन?" स्टेफाने अपमान झाल्यासारखं पाहिलं. "बस खाली. तीन पौंड मी नुसत्या सायीत चढवते."

त्यानंतर साडेचार तास हनाट्युकांच्या धुराड्यातून जे काही निघत होतं ते पाहून मर्लने पोस्ट बंद केलं आणि ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली. तिला स्टेफाने खिडकीतूनच सांगितलं, "सरकारी काम चालू आहे." आधी पेरोगी झाल्या, मग कोबीच्या वळकट्या, मग लसणाचं सॉसेज. मग पुन्हा पेरोगी, कारण पहिल्या पेरोगी आठ आठवड्यांपूर्वीच्या हिशेबातल्या होत्या. बीटच्या सूपाचं वजन भरत नाही अशी शंका ओरेस्टने काढली, तेव्हा स्टेफाने त्यात साय घालून ते भरवलं. साडेतीनला त्याने हात वर केले. स्टेफाने ते खाली केले आणि बेरी भरलेली पेस्ट्री समोर ठेवली.

चार वाजता ओरेस्ट काट्यावर चढला. चढला म्हणजे काटा त्याच्या पायांखाली सरकवण्यात आला.

"दोनशे एक्केचाळीस," कर्टिसने वाचलं. "घट आठ टक्के. चालतं." त्याने लाल टॅग तोडला, हिरवा बांधला आणि टॅबलेटवर लिहिलं: क्रमांक सात, सुस्थितीत, तात्काळ वापरण्यायोग्य.

"तीन सांगितले होते, आठ भरले," वर्ना हळूच म्हणाली.

"गळतीचं धरून," ओरेस्ट अर्धवट डोळे मिटून म्हणाला. हिरव्या टॅगवर त्याने हात ठेवला होता. आता वर्षभर त्याला त्या सीटवरून कुणीही उठवू शकत नव्हतं.

सव्वाचारला भोंगा वाजला. उत्तरेच्या बांधावर कुणीतरी वाळकं गवत पेटवलं होतं आणि ते आता स्वतःच्या मर्जीने चाललं होतं. वर्नाने हेल्मेट चढवलं. एल्मर थर्मास घेऊन धावला, म्हणजे निघाला. ओरेस्टने ट्रकचं दार उघडलं, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसरीवर ठेवला आणि तिथेच दाराला धरून थांबला. त्याच्या छातीतून जुन्या पंपासारखा आवाज येऊ लागला. त्याने तिसऱ्या पायरीकडे पाहिलं. ती फार वर होती.

"काय रे?" वर्ना ओरडली.

"जरा..." ओरेस्ट म्हणाला. "जरा दम खाऊ दे."

"आता तोही खाणारेस?"

कर्टिस गाडीचं दार उघडून हे पाहत होता. त्याने टॅबलेटवरचा 'सुस्थितीत' हा शब्द पाहिला, समोर पायरीवर धापा टाकणारा क्रमांक सात पाहिला. आकडा चोख होता. त्यात कसलीही चूक नव्हती. मग त्याने एक उसासा टाकला, टॅबलेट बॉनेटवर ठेवला, बाह्या सरसावल्या, आणि वर्नाबरोबर खांदा लावून सामान सीटवर चढवलं.